गॅरेजमधला पेला

टूवूंबा
मंगळवार, ८ जुलै २०२५

शिरीष,

आशीर्वाद आणि खुशाली पुढे कधीतरी. आधी किळस.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस त्याला दोन वर्षं होऊन गेली. टपाल अजून कुणाला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हा कागद. तुझी लेक माझ्याकडे आहे. मितालीने, तिच्या आईनेच, तुला न विचारता तिचं तिकीट काढलं आणि तू ब्रिस्बेनहून विमान परत फिरवू शकला नाहीस, एवढं मला कळलंय. मिताली आयुष्यात एकदा तरी शहाण्यासारखी वागली.

काल सकाळी मी चहा टाकत होते. बाहेर जुलैच्या थंडीने गवतावर दहिवर पडलेलं, हीटर लावूनही बोटं गार. अनन्या ओबोची पेटी छातीशी धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी. आत येईना. म्हणाली, "आत्या, गॅरेज अनलॉक्ड आहे का?" मला वाटलं, गाडीत काहीतरी राहिलं. तर म्हणे रीड भिजवायची आहे. मी म्हटलं, अगं मग इथे नळ आहे, घे पाणी. त्यावर तिने बॅगेतून एक स्टीलचा पेला काढला. तळाला लाल नेलपॉलिशचा ठिपका.

"हा माझा सेपरेट आहे," ती म्हणाली. "बाबा म्हणतात तोंडातलं किचनमध्ये नको. मिक्स होऊ नये म्हणून डॉट लावलाय. घरी मी गॅरेजमध्येच भिजवते. इट्स फाइन, आत्या, मला सवय आहे."

तिला सवय आहे! सतरा वर्षांची पोर, वॉशिंग पावडर आणि गवत कापायच्या मशीनच्या मधे उभी राहून रीड भिजवते आणि म्हणते सवय आहे. माझा चहा उतू गेला. मी पुसलासुद्धा नाही.

ओबोची रीड म्हणजे काय असते? दोन पातळ पात्या, एकावर एक ठेवून दोऱ्याने आवळून बांधलेल्या. ओल्या असतील तरच बोलतात, सुकल्या की मुक्या. वाजवणाऱ्याने त्या तोंडात धरायच्या, तोंडाने ओल्या ठेवायच्या. हे मी तुला सांगतेय. तुला!

मी इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचा कफ तपासते. हिरवा, पिवळा, रक्ताचा. डबी उघडते, काचेवर पसरते, हात धुते आणि डबा खाते. थुंकीची मला किळस येत नाही. काल आली ती तुझी आली. रात्री जेवण गेलं नाही मला.

तिच्याकडून बाकीचंही काढून घेतलं. शाळेच्या ऑर्केस्ट्राबरोबर सोलो वाजवायला यंदा तिला निवडलंय, तीस ऑगस्टला. मोझार्टचा ओबो कॉन्चेर्टो. बारावीचं वर्ष, पुन्हा असा चान्स नाही. त्या कॉन्चेर्टोत एक जागा येते, तिला कडेन्झा म्हणतात. सगळा ऑर्केस्ट्रा हात आवरून गप्प बसतो आणि सोलोवाल्याने एकट्याने आपल्या मनचं वाजवायचं. मोझार्टने ती जागा मोकळी ठेवली आहे. बाकीची मुलं पुस्तकातलं छापील काहीतरी घोकतात. अनन्याला तिथे आजोबांची चाल वाजवायची आहे, आणि कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ छापून हवी आहे, की ही चाल माझे आजोबा भास्कर, सनईवादक, यांची.

यावर तू तिला सांगितलंस, की असं काही छापलं तर मी, आई, आजी, कुणी येणार नाही. आजी म्हणजे तुझ्या सासूबाई विनीताकाकू, सध्या मुक्काम तुझ्याच घरी, मेलबर्नच्या पॉइंट कुकला. ज्यांना तू सांगितलंयस की आपले वडील, अण्णा, शाळेत मास्तर होते.

तुझ्या वास्तुशांतीला तू माझ्या देखत ते वाक्य बोललास तेव्हा मी ताटावरून उठून गेले. तू मला ब्लॉक केलंस. ते मी सोसलं. पण पोरीचा पेला वेगळा ठेवलास, शिरीष. तो गॅरेजमधून आत आण. एवढंच लिहायचं होतं, पण लांबलं.

ताई


टूवूंबा
गुरुवार, १७ जुलै

शिरीष,

अनन्याने तुला फोन केला तेव्हा मी शेजारीच होते. तुझा आवाज भिंतीपलीकडे जाईल एवढा होता. "ताईला काय कळतंय? ती तिथे नव्हती!"

नव्हतेच. मला कोण नेणार? मुलीने मांडवाबाहेर बसून सूर धरायचा नसतो म्हणून अण्णा तुला न्यायचे. अनन्याला मी हे समजावून सांगितलं. वाजवणारा सनई वाजवतो, शेजारी दुसरा एकच सूर धरून बसतो, मधे न तोडता. गालात हवा साठवायची, ती सोडत असतानाच नाकाने श्वास घ्यायचा. मी गोठ्यामागे जाऊन चोरून करून बघायचे, मला कधी जमलं नाही. तुला आठव्या वर्षी जमलं. गावातली माणसं थांबून बघायची, हे पोर श्वास कधी घेतं म्हणून. मला तुझा इतका हेवा वाटायचा की एकदा मी तुझ्या पत्तीवर, सनईच्या त्या रीडवर, मीठ चोळून ठेवलं होतं. तू ओकलास.

कॉन्चेर्टोत ओबो पहिल्यांदा येतो तेव्हा झरकन वर चढतो आणि एक सूर पकडून तिथेच थांबतो. खाली ऑर्केस्ट्रा हवं ते करत असतो, हा आपला धरून बसलेला. अनन्याने ते माझ्या हॉलमध्ये वाजवलं. मी सोफ्यावर बसून रडले आणि तिला सांगितलं की सर्दी आहे.

तूच हे वाद्य घरात आणलंस, याचं मला हसू येतं आणि मग संताप येतो. महाराष्ट्र मंडळातल्या त्या चंद्रहासने टिप दिली, की प्रायव्हेट शाळांना कुणी वाजवत नाही अशा वाद्यांची मुलं हवी असतात, स्कॉलरशिप मिळते. तू एक्सेल शीट केलीस. बॅसून हे वाद्य महाग. डबल बास मोठा, गाडीत मावत नाही. ओबो लहान, कॉम्पिटिशन कमी, फायनल. वाद्याचा आवाज कसा आहे हे न ऐकता वाद्य ठरवायचं, हे फक्त आपलेच लोक करू जाणोत. मिताली सांगत होती, पेटी आली आणि अनन्याने पहिली फुंकर मारली तेव्हा तू दाढी करत होतास. तोंडाला अर्धा फेस, तसाच बाहेर आलास आणि ओरडलास, "बंद कर ते!" पोरीला वाटलं आपलं काही चुकलं.

आता पितळी पेल्याबद्दल.

तू मला सांगितलं होतंस, आईला नाही. मे महिन्यातलं लग्न. तुम्हाला बसवलं होतं मांडवाबाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी. हळद लागल्यापासून तू सूर धरून बसलेला, घसा सुकून गेलेला. पडवीत पाण्याचं पिंप होतं, त्यावर पितळी पेला. तू घेतलास आणि प्यालास. घरची बाई बाहेर आली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पेला चिमट्यात धरला, चुलीत घातला आणि तो लाल होईपर्यंत तिथे उभी राहिली. तू बघतोयस हे तिला माहीत होतं. मग अण्णांनी खूण केली, कारण मंगलाष्टकं सुरू व्हायची होती, आणि तू जाऊन पुन्हा सूर धरलास.

घरी आल्यावर तू मला विहिरीमागे नेलंस आणि म्हणालास, "ताई, माझ्या तोंडात काय आहे ते बघ." आणि आ करून उभा राहिलास. मी बघितलं. तेव्हा मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही.

ती बाई आता जिवंत नसेल. पण तिचा चिमटा तुझ्या गॅरेजमध्ये लटकतोय, आणि तो तू स्वतः विमानातून आणलास. मला शिसारी येते ती याची. तिची आली तर समजू शकते, तिला कुणी शिकवलंच तसं. तुला कुणी शिकवलं? तर तिनेच.

एक काम आहे. म्हणून हे पत्र. शेवटची पंगत उठेपर्यंत वाजंत्र्यांना जेवण नसायचं. तोवर अण्णा एक चाल वाजवत बसायचे, आठवतं? कुणाला ऐकवायची नव्हती ती. भुकेची होती. घरीसुद्धा आई भाकऱ्या थापत असली की वाजवायचे. अनन्याला तीच हवी आहे. तिचा पहिला अर्धा भाग मी तिला गुणगुणून दिला, तिने दुपारभरात ओबोवर बसवला. पण पुढे ती वर जाते आणि कुठूनतरी वळण घेऊन खाली येते. ते वळण मला येत नाही. मी तीन दिवस वळते आहे, दरवेळी कुठल्यातरी आरतीत जाऊन पडते. ते आता जगात तुझ्याशिवाय कुणाला येत नाही. पोर रविवारी परत येते आहे. तिला दे.

ताई


टूवूंबा
सोमवार, ४ ऑगस्ट

शिरीष,

माझं मागचं पत्र परत आलं. पाकीट न फोडता वर तुझ्या सुबक अक्षरात इंग्रजीत लिहिलंयस, पाठवणाऱ्याकडे परत. शाळेत तुझं अक्षर पाहून मास्तर तुला फळ्यावर सुविचार लिहायला सांगायचे, त्याच अक्षरात. मी ते पाकीट टेबलावर ठेवून बराच वेळ बघत बसले. मेलेली पाल बघावी तसं.

आता ते पत्र यातच घातलंय, आणि हे पाकीट आमच्या लॅबचं आहे. वर हॉस्पिटलचा शिक्का बघून तू घाबरून उघडशील, हे मला माहीत आहे. तब्येतीला तू फार जपतोस.

मितालीच्या फोनवरून तू पाठवलेला मेसेज पोचला. निदान स्वतःच्या फोनवरून पाठवायचास. मी तो पाठ होईपर्यंत वाचला. "ताई, मी तिला त्यातून बाहेर काढलं आणि तू परत ढकलतेस. तुला वाटतं इथे लोक विसरतात? परवा मंडळात सुखदाने सगळ्यांसमोर विचारलं, तुमचं मूळ गाव कोणतं, मूळ आडनाव काय, तुमच्यात गौरी उभ्याच्या की खड्यांच्या? स्माइल करून विचारलं. आयटीत आहे, पीएचडी आहे, आणि हे विचारते. यू डोन्ट गेट इट. तू तिकडे टूवूंबात गोऱ्यांमध्ये राहतेस. तुला काय जातंय?"

खरं सांगू? सुखदाबाईंची मलाही मळमळ आली. समुद्र ओलांडला, सिटिझनशिप घेतली, शपथ घेताना इथे देतात ते रोपटं हातात घेऊन फोटो काढला, आणि पिशवीत हे घेऊन आली. तिथे तुझं बरोबर आहे. ते हसू मीसुद्धा पाहिलंय. मी मंडळात जात नाही ते गाडी चालवायचा कंटाळा म्हणून नाही.

पण तिचं हसू तिच्या तोंडावर आहे. ते तू आपल्या पोरीच्या पेल्यावर का लावतोस?

तुझ्या लग्नात अण्णांना तू कोट घातलास आणि बजावलंस, फार बोलू नका. त्यांच्या खालच्या ओठावर पत्तीचा घट्टा होता. विनीताकाकूंनी विचारलं, हे काय हो झालं? तू पटकन म्हणालास, लहानपणी भाजलं. अण्णांनी मान डोलावली. हो म्हणाले, भाजलं. दिवसभर मग ते तोंडासमोर रुमाल धरून बसले. लोकांना वाटलं, पोराच्या लग्नात बापाला भरून आलंय.

चाल दिलीस का तिला? पोर विचारलं की विषय बदलते.

ताई


टूवूंबा
रविवार, २४ ऑगस्ट

शिरीष,

अनन्याचा फोन आला होता. पत्रिकेतली ती ओळ तिने स्वतःच काढून टाकली. "बाबा येणार असतील तर इट्स ओके, आत्या. आय जस्ट वाँट हिम देअर." फक्त 'कडेन्झा : अनन्या' एवढंच छापणार आहेत.

जिंकलास. अभिनंदन. एका मेलेल्या माणसाचं नाव सतरा वर्षांच्या पोरीकडून खोडून घेतलंस, तेही ती हसत हसत खोडेल अशा बेताने. मला हे लिहितानासुद्धा हात धुवावेसे वाटतात.

मी येणार आहे. मितालीने तिकीट ठेवलंय. घाबरू नकोस, तमाशा करणार नाही. मी कुणाला आपणहून काही सांगणार नाही, हा शब्द देते. आणि मी शब्द पाळते, हे तुला माहीत आहे. ती खोड आपल्या घरात अण्णांनंतर माझ्यातच उरली आहे.

ताई


टूवूंबा
सोमवार, १ सप्टेंबर

शिरीष,

काल विमानतळावर तू मला सोडायला आलास आणि फ्रीवेवर एक अक्षर बोलला नाहीस. पार्किंगमध्ये फक्त म्हणालास, "बॅग जड आहे, मी घेतो." म्हणून परवा शाळेच्या हॉलमध्ये जे झालं ते लिहून काढते. तू पुढे पाहत होतास, मी तुझ्याकडे. मला जे दिसलं ते तुला दिसलेलं नाही.

विनीताकाकू आपल्या दोघांच्या मधे बसल्या होत्या. मांडीवर आल्याच्या वड्यांचा डबा. हॉलमध्ये खायला बंदी आहे हे त्यांनी दारावर वाचलं होतं, तरी मला दोन दिल्या. "घ्या हो, थंडीत घशाला बरं असतं." वड्या चांगल्या होत्या. चांगल्याच होत्या, मी खोटं कशाला बोलू?

अनन्या काळ्या ड्रेसमध्ये आली. एका हातात ओबो, दुसऱ्या हातात तो स्टीलचा पेला. तिने तो स्टँडशेजारच्या स्टुलावर ठेवला. वरचा दिवा त्याच्यावर पडला होता. तू मान खाली घातलीस. मला बरं वाटलं.

मग तो सुरुवातीचा धरलेला सूर. छान धरला तिने. तू बूट बघत होतास. ऑर्केस्ट्रातली एक व्हायोलिनवाली सारखी बेसूर होत होती आणि मी मनातल्या मनात तिला शिव्या देत होते, कारण मला दुसरं काही करणं शक्य नव्हतं.

आणि मग सगळे थांबले. कडेन्झा आला. पोरीने रीड ओठातून काढली, पेल्यात बुडवली, परत लावली. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. आणि तिने अण्णांची चाल धरली. भाकऱ्यांची, भुकेची. पहिला अर्धा भाग, मी दिलेला. आता हा संपणार आणि ही कुठे जाणार? काहीतरी छापील लावून मोकळी होणार, असं मी धरून चालले होते.

ती वर गेली. आणि वळली.

तेच वळण, शिरीष. मला न येणारं. ऐकल्याबरोबर कळलं, अरे, हेच तर! एवढं सोपं होतं! म्हणजे तू दिलंस. पॉइंट कुकच्या त्या चार बेडरूमच्या घरात कुठल्या कोपऱ्यात उभं राहून दिलंस, मला माहीत नाही. बहुधा गॅरेजमध्ये. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या मागोमाग तीच जुनी मळमळ आली. चाल दिलीस आणि नाव ठेवून घेतलंस. माल घरचा, मालक मास्तर.

म्हणून मी तुझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं. आणि तुझे गाल फुगलेले होते.

तुझं तुला कळत नव्हतं. दोन्ही गाल टम्म, ओठ आवळलेले, नाकपुड्या हलतायत. आवाज नाही. पोर एकटी वाजवत होती, खाली सूर धरायला कुणी नव्हतं, आणि तू सहाव्या रांगेत, चांगल्या ब्लेझरमध्ये बसून धरला होतास. न तोडता. आठव्या वर्षी धरायचास तसाच. तिने चाल संपवून शेवटचा लांब कंप घेईपर्यंत तू सोडला नाहीस.

पहिला भाग संपल्यावर टाळ्या वाजवायच्या नसतात. आपल्या लोकांनी वाजवल्या. त्या टाळ्यांमध्ये विनीताकाकू माझ्याकडे वाकल्या. "अहो, शिरीषना काय होतंय? तोंड बघा कसं झालंय. बीपी तर नाही ना?"

मी आपणहून काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काही झालेलं नाही. सूर धरलाय त्याने. आमचे वडील सनई वाजवायचे, लग्नाकार्यात. वाजंत्री होते. हा शेजारी बसून सूर धरायचा. आत्ता वाजली ती चाल त्यांची."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. दाबून, चारही बाजूंनी. आणि डबा माझ्याकडच्या मांडीवरून पलीकडच्या मांडीवर घेतला. उरलेले दोन भाग आम्ही तसेच बसून ऐकले. मधला संथ भाग फार सुंदर आहे म्हणतात. मला त्यातला एक सूर आठवत नाही, झाकण आठवतं. मेलबर्नमध्ये, दोन हजार पंचवीस साली, आल्याच्या वडीचं झाकण! आणि मग वाटलं, तू इतकी वर्षं ज्याला भ्यालास ते हेच, एवढंसं.

बाहेर समोसे आणि ज्यूसच्या टेबलापाशी त्यांनी तुला गाठलं. मी मुद्दाम जवळ उभी राहिले. मिताली पांढरी पडली होती. काकूंनी आवाज खाली ठेवला होता, पण प्रत्येक शब्द सोलून काढल्यासारखा.

"शिरीष, या म्हणतात ते खरं का?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता म्हणशील, ताई काहीही बोलते, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. तू म्हणाला असतास तर मी तशीच चालत विमानतळावर गेले असते आणि पुन्हा तुला कागद लिहिला नसता. एवढं ठरवून झालं होतं माझं.

तेवढ्यात अनन्या आली. ओबो बगलेत, हातात पेला, तोंडभर हसू. "बाबा! तुम्ही ऐकलंत? वळण नीट आलं?"

आणि तू तिच्या हातातून तो पेला घेतलास. लाल ठिपक्याचा. त्यात अजून अर्धं पाणी होतं, रीड तासभर बुडत होती ते. तू तोंडाला लावलास आणि प्यालास. थांबून थांबून, तळ दिसेपर्यंत.

"अहो!" काकू म्हणाल्या. "त्यात तिने ते तोंडातलं..."

"हो," तू म्हणालास. "घसा कोरडा पडला, आई. सूर धरला की पडतो. माझे वडील म्हणायचे, मधे पाणी पीत जा."

मग पोरीला म्हणालास, "वळण छान आलं. अण्णांसारखं आलं." इतकंच. आणि समोसा घ्यायला गेलास. काकू उभ्याच होत्या. त्यांचं काय करायचं ते तू आणि मिताली बघा, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. दोन दिवसांत सुखदालाही कळेल. हसेल ती. हसू दे.

त्या पाण्यात काय काय होतं याची यादी मी तुला लॅबच्या कागदावर लिहून देऊ शकते. वाचून तू आठवडाभर जेवणार नाहीस. बघतानाच माझ्या अंगावर काटा आला. शी, शिरीष. धुवून तरी घ्यायचास.

पण एक गोष्ट राहिली होती. विहिरीमागे तू मला म्हणाला होतास, माझ्या तोंडात काय आहे ते बघ. मी नीट बघितलं होतं. दात होते, जीभ होती, पुढचा एक दात पडलेला होता. बाकी काही नव्हतं रे.

तुझी
ताई